फक्त एक बल्ब तर लावायचाय!

‘फक्त एक बल्ब तर लावायचाय’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. घरामागच्या गोठ्यात, मांगरात, पत्र्याच्या शेडमध्ये वीज न्यायचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरंच एक बल्बच लावायचा असतो. पण बल्ब लागला की महिन्याभरात शेजारी एक बोर्ड येतो. मग मोबाईल चार्जिंगला लागतो, मग डासांसाठी पंखा, मग हौदात पाणी चढवायला छोटी मोटर, आणि शेवटी कडबाकुट्टी. सामान वाढत जातं. वायर मात्र तीच, बल्बासाठी आणलेली.

ती वायर कशी असते हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढलेली, दोन कोअरची. आधी खिडकीच्या गजाला एक वेढा, मग शेवग्याच्या फांदीला, मग न्हाणीघराच्या कौलांवरून पुढे. मध्ये एक जॉइंट, त्यावर काळी टेप, आणि टेपवर पाणी जाऊ नये म्हणून दुधाची पिशवी बांधलेली. कुणी जरा जास्त काळजीवाहू असेल तर वायरला आधार म्हणून सोबत जीआय तार ताणलेली असते. त्याच तारेवर घरातली मंडळी टॉवेल वाळत टाकतात. शेडपाशी पत्र्याला खिळ्याने पाडलेलं भोक, त्यातून वायर आत. भोकाची कड सुरीसारखी. वारा आला की वायर त्या कडेवर घासते. एक पावसाळा, दोन पावसाळे, दहा पावसाळे...

तर माझं म्हणणं सरळ आहे. घरातून शेडला नेलेली वीज ही घरातल्या विजेपेक्षा जास्त धोक्याची असते. म्हणून तिथे घरापेक्षा जास्त काळजी आणि गरज पडली तर जास्त पैसा लागायला हवा. आपण नेमकं उलट करतो. घरात नवीन बोर्ड, नवीन बटणं, आणि घरातून निघालेली जुनी वायर शेडला. नीट करायचं जमत नसेल तर शेडला वीज नेऊच नये. अर्धवट वीज ही अंधारापेक्षा वाईट.

आता तुम्ही म्हणाल, शेड जास्त धोक्याची कशी? वीज तर तीच, २३० व्होल्ट. बरोबर आहे, वीज तीच. फरक आपल्या पायाखालच्या जमिनीत आहे. घरात फरशी कोरडी असते, बहुतेकदा पायात चप्पल असते, हाताला लागणारं बटण प्लास्टिकचं असतं. गोठ्यात जमीन शेणामुताने ओली, पाय अनवाणी, हाताला लागेल ती वस्तू लोखंडाची. खांब लोखंडी, दावणीची कडी लोखंडी, वर पत्रा, हातात घमेलं. मुताच्या वाफेने वायरींची टोकं आणि स्क्रू गंजतात, उंदीर वायर कुरतडतात, आणि या सगळ्याच्या शेजारी पेंढ्याची गंजी असते. एक सैल जॉइंट तापून ठिणगी पडायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

आणि गाय? माणसाला झटका बसला तर नशीब असेल तर तो मागे फेकला जातो. गाय दाव्याला बांधलेली असते. चार ओले खूर जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या पायांत चांगलं चार-पाच फुटांचं अंतर. जमिनीत करंट उतरला तर तो एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि जाताना छातीतून जातो. आपल्याला नुसत्या मुंग्या येतील एवढ्या करंटने जनावर दगावू शकतं. जगभरातल्या इलेक्ट्रिकल मानकांमध्ये शेतीच्या आणि जनावरांच्या इमारतींसाठी वेगळा भाग लिहिला आहे, तो कुणाला हौस होती म्हणून नव्हे.

यावर पहिलं उत्तर येतं, ‘अरे, एमसीबी आहे ना! काही झालं तर पडेल.’ हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने दिलं जातं की समोरचा गप्पच बसतो. मी गप्प बसणार नाही, थोडं गणित करू. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. त्याच्या शरीरातून २३० मिलिअँपिअर करंट जाणार. हृदयाची लय बिघडायला याच्या काही अंशाइतका करंटही पुरतो. आणि एमसीबी केवढ्याची? १६ अँपिअरची. म्हणजे माणसातून जाणाऱ्या करंटच्या जवळजवळ सत्तर पट. तिच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक लहानसा बल्ब. ती पडणार नाही, आरामात बसून राहील. एमसीबी वायर वाचवायला असते, माणूस वाचवायला नव्हे. एवढी एक गोष्ट घराघरांत कळली तरी या लेखाचं सार्थक झालं असं मी समजेन.

दुसरं उत्तर, ‘अर्थिंग केलंय की.’ बहुतेक ठिकाणी केलेलं नसतंच. दोन कोअरच्या वायरीत तिसरी तार आणणार कुठून? काही महाभाग यावर तोड काढतात. पिनेच्या बोर्डात अर्थच्या भोकाला न्यूट्रलच जोडून टाकतात. टेस्टर लावून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी तो न्यूट्रल तुटतो (आणि त्या दुधाच्या पिशवीखालच्या जॉइंटमध्ये तो कधीतरी तुटणारच) त्या दिवशी मोटरच्या बॉडीवर सगळे २३० व्होल्ट येऊन बसतात. बाहेरून काही कळत नाही. मोटर चालत नाही एवढंच दिसतं, म्हणून माणूस ती हलवून बघायला जातो.

काही ठिकाणी मात्र खरंच खड्डा खणून, पाइप गाडून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलेलं असतं. चांगलं आहे. पण तेवढंही पुरत नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. समजा त्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. कोकणात जांभ्याच्या जमिनीत, मे महिन्यात, तो याहून जास्तच भरेल. फेज मोटरच्या बॉडीला चिकटली तर जमिनीत करंट जाईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी पुन्हा आपली शांत. मोटरची बॉडी, तिला टेकलेला खांब, खांबावरचा पत्रा, सगळं जवळजवळ पूर्ण दाबाखाली तसंच राहणार, कुणीतरी हात लावेपर्यंत. शिवाय मीटर गरगर फिरत राहील ते वेगळंच.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी लागते. जुने लोक तिला ईएलसीबी म्हणतात. ती फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला याचा हिशेब ठेवते. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की पुरवठा तोडते. मघाच्या आपल्या माणसासारखी २३० मिलिअँपिअरची तूट असेल तर एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. झटका बसतो, पण माणूस घरी येऊन त्याबद्दल शिव्या देऊ शकतो. दोन-अडीच हजारांच्या आसपासची वस्तू आहे. आपण दिवाळीला लावतो त्या माळा, आकाशकंदील आणि फटाके यांची बेरीज करून बघा एकदा.

आणि आता माझ्या रागाचं खरं ठिकाण. ही आरसीसीबी कित्येक घरांत बसवलेली असते, आणि मग काढून टाकलेली असते! का? तर ‘सारखी पडते हो. पावसाळ्यात फार त्रास देते.’ अहो, पावसाळ्यात पडते कारण पावसाळ्यात तुमच्या शेडच्या वायरीतून करंट गळतो. कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून द्यायचं आणि चोराला दार उघडं ठेवायचं, त्यातली गत. पडणारी आरसीसीबी बायपास करून देणारा आणि ती करून घेणारा, दोघेही मला सारखेच बेजबाबदार वाटतात. कधी कधी ती उगाच पडते हेही खरं. शेडचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटमधून उचललेला असेल तर हिशेब जुळत नाही आणि ती पडणारच. पण तो दोष जोडणी करणाऱ्याचा आहे. तो दुरुस्त करायचा असतो, पहारेकऱ्याला घरी पाठवायचं नसतं.

‘आमच्याकडे तीस वर्षं अशीच वायर आहे, काही झालं नाही.’ हे तिसरं उत्तर, आणि याच्यापुढे गणित चालत नाही, कारण हे बहुधा वडीलधाऱ्यांकडून येतं. त्यांना माझं नम्रपणे सांगणं असं, की तीस वर्षांत वायर तीस वर्षांनी म्हातारी झाली. उन्हाने तिचं प्लास्टिक कडक झालं, वाकवलं तर तडकतं. पहिल्या वर्षी जे झालं नाही ते एकतिसाव्या वर्षी होणार नाही असं कशावरून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे काढून बघा. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी देशात शॉक लागून दगावलेल्यांची संख्या बारा हजारांच्या वर आहे. रोज तीसहून जास्त माणसं. यातल्या कित्येकांच्या घरी आदल्या दिवसापर्यंत ‘काही झालं नव्हतं’.

वायरीच्या जाडीबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे आपण पैसे वाचवतो आणि मोटर जाळतो. बल्बासाठी आणलेली एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि शंभर फूट अंतर. जाऊन-येऊन तिचा रोध साधारण एक ओहमच्या वर भरतो. दोन एचपीची कडबाकुट्टी चालताना १० अँपिअर घेते असं धरलं तर वाटेतच दहा-अकरा व्होल्ट गेले. ते एक वेळ चालेल. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी साठ-एक व्होल्ट वायरीतच खर्च होतात, मोटर नुसती घुंई करत बसते, फिरत नाही, आणि तापते. मग आपण म्हणतो, ‘गावाला व्होल्टेजच नाही.’ व्होल्टेज मीटरपर्यंत आलेलं असतं. ते पुढच्या शंभर फुटांत आपणच खाल्लेलं असतं.

मग करायचं काय? काही अवघड नाही. घरातल्या मुख्य बोर्डातून शेडसाठी स्वतंत्र सर्किट काढायचं, खिडकीजवळच्या पिनेतून नाही. त्यावर स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. तिथून तीन कोअरची आर्मर्ड केबल, जाडी अंतर आणि मोटर बघून. जमिनीत साधारण अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, वर विटांचा थर, म्हणजे उद्या कुणी केळ लावायला खणलं तर कुदळ आधी विटेवर बसेल. शेडमध्ये फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच, माणसाच्या छातीच्या उंचीवर आणि जनावराच्या शिंगांपासून लांब. बोर्ड पाणी न शिरणारा. शेडपाशी वेगळं अर्थिंग, आणि पत्रा, खांब, दावणीचं लोखंड सगळं त्याला जोडलेलं. झालं की आरसीसीबीचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण दाबून बघायचं, आणि पुढेही महिन्यातून एकदा दाबत राहायचं. संकष्टीला दाबा, म्हणजे लक्षात राहील.

‘आमच्याकडे कातळ आहे, चर खणता येत नाही’ असं कोकणातले वाचक म्हणतील. मान्य. तीच आर्मर्ड केबल चिरेबंदी कंपाउंडच्या भिंतीवरून क्लिपा मारून नेता येते. तेही नसेल तर पक्के खांब उभे करून, खालून वैरणीची गाडी जाईल एवढ्या उंचीवरून न्या. शेवग्याचं झाड म्हणजे खांब नव्हे, एवढंच लक्षात ठेवा. शेवग्याची फांदी कशी मोडते हे काय तुम्हाला सांगायचं?

इथे मी वायरमनला झोडपणार नाही. तो बिचारा गिऱ्हाइकाला जे हवं ते करतो. ‘दोन तासांचं काम आहे, किती घेशील?’ असं विचारून आपणच त्याला दोन तासांत बांधून टाकतो. त्याने आरसीसीबीचं नाव काढलं तर तो आपल्याला लुटतोय असं वाटतं. खरं तर नियम अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक नियमांत होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे, की बल्ब किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर विजेचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून, योग्यतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. शेडला नवीन लाइन नेणं हे किरकोळ कामात बसत नाही. पण आपल्याकडे परवाना विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मुलीसाठी स्थळ बघताना सात पिढ्या विचारतो, तिथे नाही काही अविश्वास वाटत!

खर्चाचं म्हणाल, तर मला एकच गोष्ट खुपते. शेडला वीज कशी न्यायची हे ठरवणारा माणूस आणि त्या शेडमध्ये रोज वावरणारा माणूस हे बहुधा वेगळे असतात. ठरवतात घरातले पुरुष, ओटीवर बसून, किंवा आमच्यासारखे शहरात राहून फोनवरून सल्ले देणारे. पहाटे साडेपाचला अंधारात, ओल्या हाताने बटण दाबायला जाते ती घरातली बाई, किंवा गडी. दिवाणखान्याला पीओपी करताना ‘कशाला?’ असं कुणी विचारत नाही. गोठ्याच्या केबलीपाशी आलं की सगळ्यांना काटकसर आठवते. याला काटकसर म्हणू नका. दुसऱ्याच्या जिवावर केलेली बचत आहे ती.

आणि खरोखरच एकच बल्ब लावायचा असेल, पुढे कधीही मोटर-पंखा काही लावायचा नसेल, तर त्याहून सोपा रस्ता आहे. छपरावर छोटं सोलर पॅनल, खाली बॅटरी, बारा व्होल्टचा एलईडी दिवा. खिडकीतून वायर नको, शेवगा नको, दुधाची पिशवी नको. बारा व्होल्टने ओल्या हातालाही काही होत नाही. (बॅटरीपाशी फ्यूज मात्र हवा. शॉर्ट झालं तर बारा व्होल्टसुद्धा पेंढा पेटवू शकतात.) ‘फक्त एक बल्ब’ म्हणणाऱ्यांनी हा पर्याय घ्यावा. नाही घेतला, तर तो एक बल्ब नव्हता हे सिद्ध झालं असं समजावं.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण आमच्याच घरचं आहे, ते लपवत नाही. दिवाळीआधी गावच्या गोठ्यात वीज न्यायचं घाटतंय. घर ते गोठा सत्तर-एक फूट. दोन कोअरच्या वायरचं भेंडोळं माळ्यावर तयार आहे असं कळलं. नानाकाका, दादा, तुम्ही दोघं हे वाचता हे मला माहीत आहे, म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा इथेच लिहितो. त्या वायरसाठी माझ्या वाट्याचा एक रुपयाही मी देणार नाही. चर खणायचा असेल, आर्मर्ड केबल आणि आरसीसीबी आणायची असेल, तर निम्मा खर्च माझा, आणि चर खणायला सुट्टी काढून मी स्वतः येतो. एवढा खर्च यंदा नको असेल तर सोलरचा दिवा मी पाठवतो, केबलीचं पुढच्या वर्षी बघू.

आणि एक विनंती. काय ते ठरवायच्या आधी वहिनीला विचारा. पहाटे धार काढायला तीच जाते, अनवाणी.